खाऊनपिऊन खंगणारे मासे

मासा आजारी पडला की आधी खाणं सोडतो, असं टाकी बाळगणारे आपण सगळे धरून चालतो. माझ्या टाकीतल्या गप्पीच्या एका मादीने खाणं सोडलं नव्हतं. दाणे पाण्यावर पडले की सगळ्यांच्या आधी तीच वर यायची. तरीही आठवड्यागणिक तिचं पोट खपाटीला जात होतं. टाकीत वरून डोकावलं की डोकं रुंद आणि त्यामागे धड एकदम चिंचोळं दिसायचं. महिनाभरात पाठीचा कणा मधोमध वाकला. तोवर आणखी दोघींची पोटं पाठीला लागायला सुरुवात झाली होती.

मी केलं तेच, जे बहुतेक जण करतात. दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणली आणि थेंब मोजून पाण्यात घातले. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. अंगावरच्या बुरशीला ते लागू पडतं, पोटातल्या किंवा यकृतातल्या रोगाला नाही. उलट फिल्टरमध्ये वसती करून अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू त्याने मरू शकतात आणि आधीच अशक्त झालेल्या माशांना विषारी पाण्याशीही झुंजावं लागतं. चूक औषधाची नव्हती. रोग कोणता हे न बघता औषध घातलं, ही चूक होती आणि ती माझी होती.

कारण खंगणं हा रोग नाही, ते लक्षण आहे. अंगात ताप आहे म्हटल्यावर डॉक्टर लगेच मलेरियाच्या गोळ्या देत नाहीत; टायफॉइड, डेंगी, साधा फ्लू, सगळे तापच आणतात. माशाच्या खंगण्यामागेही अशीच वेगवेगळी कारणं असतात. बरी होणारी कोणती आणि न होणारी कोणती, हे आधी वेगळं काढावं लागतं.

सुरुवात साध्या गोष्टींपासून करावी. मासा खातो असं आपल्याला वाटतं, पण दाणा खरंच त्याच्या पोटात जातो का? तोंडात घेऊन थुंकून टाकणारे मासे बरेच असतात. टाकीत एखादा दांडगा असला तर दुबळ्याच्या वाट्याला काही उरत नाही. मग पाणी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. ते थोडेथोडे जरी सतत राहिले, तरी माशाची ताकद त्यांच्याशी झगडण्यातच खर्च होते. आणि वय. गप्पी जेमतेम दोनतीन वर्षं जगतो. म्हातारा मासा वाळतो, त्यात नवल नाही.

हे सगळं ठीक असेल तर विष्ठा बघायची. काचेला नाक लावून, टॉर्च घेऊन, अर्धा तास. हे किळसवाणं वाटेल, पण टाकीसमोर बसून जेवढं कळतं तेवढं बाटलीवरचं लेबल वाचून कळत नाही. निरोगी माशाची विष्ठा त्याने खाल्लेल्या दाण्याच्या रंगाची असते आणि लवकर तुटून पडते. पांढरट, पारदर्शक, बुळबुळीत धाग्यासारखी लोंबणारी विष्ठा आतड्याचा दाह सांगते. एंजल आणि डिस्कस माशांत त्यामागे बरेचदा स्पायरोन्यूक्लियस नावाचा शेपटीवाला एकपेशीय परजीवी असतो. त्यावर मेट्रोनिडॅझोल चालतं, पण मासा खात असेल तोवरच, कारण हे औषध खाद्यातून पोटात गेलं तर खरं काम करतं.

गुदद्वारातून लाल दोऱ्याची टोकं बाहेर डोकावत असतील तर ते जंत. कॅमलॅनस त्यांचं नाव. आतड्याच्या भिंतीला धरून ते रक्त पितात, म्हणून लाल दिसतात. निसर्गात त्यांच्या पिल्लांना आधी सायक्लॉप्ससारख्या पाणपिसवेच्या पोटात जावं लागतं. टाकीत मात्र ते थेट एका माशाकडून दुसऱ्या माशाकडेही जाऊ शकतात, म्हणून एक मासा आजारी दिसला की सगळ्यांना लागण झाली असं समजावं. लेव्हामिसोलने हे जंत लुळे पडतात आणि मासा त्यांना बाहेर टाकतो. पडलेले जंत तळातून लगेच उपसून काढायचे आणि दोनतीन आठवड्यांनी औषध पुन्हा द्यायचं, नाहीतर मागे राहिलेली पिल्लं वाढून पहिले पाढे पंचावन्न. औषधाचं माप माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडूनच घ्यावं.

माझ्या मादीला यांपैकी काहीच नव्हतं. पाणी ठीक, विष्ठा बरी, लाल दोरा नाही. उरला वाकलेला कणा. निऑन टेट्रा असती तर प्लायस्टोफोरा या परजीवीचा संशय घेतला असता. तो स्नायूंत शिरतो, माशाची निळी-लाल झळाळी पुसून टाकतो आणि त्यावर भरवशाचा उपाय नाही. गप्पीत खंगणं आणि वाकणं एकत्र आलं की मनात जे नाव येतं, ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. खंगवणाऱ्या रोगाला आपण क्षयच म्हणत आलो.

माशांनाही क्षय होतो. पण नुसतं बघून तो ठरवता येत नाही, त्यासाठी माशाचं शरीर उघडावं लागतं. कोमट पाण्यात मेलेला मासा काही तासांत सडतो. फ्रीझरमध्ये टाकला तर गोठताना पेशी फुटतात. म्हणून मेलेला मासा सापडताक्षणी ओल्या पिशवीत घालून बर्फावर, फ्रीजच्या खालच्या खणात ठेवायचा आणि त्याच दिवशी तपासायचा. माझी मादी तळाशी आडवी पडून धापा टाकत होती. लवंगतेलाचे थेंब कोमट पाण्यात बाटलीत जोरात हलवून मिसळले आणि त्या पाण्यात तिला ठेवलं. लवंगतेलाने माशाला भूल येते, मात्रा वाढवली की तो पुन्हा जागा होत नाही. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही मी बराच वेळ तिला त्यातच राहू दिलं.

ओळखीच्या एका पॅथॉलॉजिस्टने तिला उघडलं. यकृतावर आणि प्लीहेवर खसखशीच्या दाण्यांएवढ्या पांढुरक्या गाठी होत्या. त्यातली एक काचपट्टीवर चिरडून पॅथॉलॉजिस्टने झील-नील्सन पद्धतीने रंगवली. आपल्या सरकारी दवाखान्यांत वर्षानुवर्षं थुंकीची तपासणी ज्या पद्धतीने झाली, तीच ही पद्धत. क्षयाच्या कुळातल्या जिवाणूंवर मेणाचा जाड थर असतो. तापवून चढवलेला लाल रंग एकदा त्यात मुरला की आम्लानेही धुतला जात नाही. बाकी सगळ्याचा रंग निघून जातो. मग उरलेल्या पेशी दिसाव्यात म्हणून दुसरा रंग देतात, तो मिथिलीन ब्लू. दुकानातून आणलेलं औषध तेच. टाकीत त्याने काही केलं नव्हतं. काचपट्टीवर त्याच्या निळाईत लाल काड्या झुबक्याने दिसल्या.

लाल काड्या दिसल्या म्हणजे कूळ कळलं, जात नाही. त्यासाठी जिवाणू वाढवावे लागतात किंवा त्यांचा डीएनए तपासावा लागतो. माशांत मायकोबॅक्टेरियम मरिनम, फॉर्च्युइटम आणि चेलोनी या जाती जास्त सापडतात. रॉबर्ट कॉखने १८८२ साली माणसातल्या क्षयाचा जिवाणू दाखवला, त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८९७ मध्ये, फ्रान्समध्ये बातायाँ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कार्प माशातला क्षय नोंदवला. १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मरत असलेल्या समुद्री माशांतून जोसेफ आरॉन्सनने वेगळा केला तो मरिनम.

हा रोग टाकीत शिरतो कसा, याचं सगळ्यात चांगलं उत्तर टाकीतून नाही, साल्मन माशांच्या उबवणी केंद्रांतून मिळालं. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या केंद्रांत पिल्लांना मोठ्या साल्मनची कच्ची आतडी आणि मांस खायला घालत. क्षय पसरत राहिला. खाद्य पाश्चरायझेशन करून द्यायला लागल्यावर तो आटोक्यात आला. टाकीतही तसंच आहे: मेलेला मासा रात्रभर पडून राहतो, सकाळपर्यंत बाकीच्यांनी तो टोचून खाल्लेला असतो. मेलेला मासा आधी उचलावा, बाकीचं नंतर. जिवंत ट्युबिफेक्स किड्यांतूनही हे जिवाणू येतात.

औषध? माणसाचा क्षय बरा करायला एकाच वेळी अनेक औषधं, महिनोन्महिने घ्यावी लागतात. माशाच्या गाठींत पाण्यातलं औषध पोचत नाही, आणि अर्धवट दिलेल्या प्रतिजैविकाने टाकीतले जिवाणू निगरगट्ट होतात. काचेवरच्या, फिल्टरच्या स्पंजवरच्या चिकट थरात ते राहतात, तेही नाहीसे होत नाहीत. म्हणून खंगलेला मासा सुखाने जाऊ द्यायचा आणि टाकी एकतर पूर्ण मोडायची किंवा बंद ठेवायची. मोडायची तर खडी आणि झाडं फेकून द्यावीत, काच वाळवून ७० टक्के अल्कोहोलने पुसावी, जाळी उकळावी. पाणी विहिरीत किंवा ओढ्यात कधीच ओतू नये.

आणि तोंडाने नळी ओढून पाणी काढण्याची सवय आजच सोडावी. मरिनम माणसालाही होतो. हाताला ओरखडा असताना टाकी धुतली की तो त्वचेत शिरतो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, बोटावर न दुखणारी लालसर गाठ येते; मग मनगटावर, मग कोपराकडे, एका ओळीत. टाकीच्या काचेवर खरचटल्याने अशी गाठ आल्याची नोंद १९६२ साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याआधी हाच जिवाणू स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावात सापडला होता. सुमारे ३० अंशांना तो जोमाने वाढतो, ३७ अंशांना नीट वाढत नाही, म्हणून आपल्या फुप्फुसात सहसा जात नाही, थंड राहणाऱ्या हातापायांवर थांबतो. पण याच कारणाने निदान चुकतं. प्रयोगशाळा नमुना नेहमीप्रमाणे ३७ अंशांवर ठेवते, काही उगवत नाही, अहवाल कोरा येतो. अशी गाठ आली तर त्वचारोगतज्ज्ञांना पहिलं वाक्य सांगावं: आमच्याकडे माशांची टाकी आहे. मग ते नमुना ३० अंशांवर वाढवायला सांगतात. वेळेत कळलं तर हा आजार औषधांनी बरा होतो.

मरिनमचे आपल्यावर उपकारही आहेत. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या ललिता रामकृष्णन यांनी तो झेब्रा माशाच्या पिल्लांत सोडला. हा पट्टेरी मासा आपल्याच उपखंडातला. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली त्याचं वर्णन केलं. त्याची पिल्लं इतकी पारदर्शक असतात की भक्षक पेशी जिवाणू गिळताना आणि गाठ बनताना जिवंतपणी दिसते. क्षयातली गाठ म्हणजे शरीराने रोगाभोवती बांधलेली तटबंदी, असं तोवर पुस्तकांत होतं. २००९ साली त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की सुरुवातीच्या काळात हीच गाठ जिवाणूंच्या कामी येते: मरणाऱ्या पेशी गिळायला नव्या पेशी येतात, त्यांनाही लागण होते आणि त्यातल्या काही बाहेर पडून रोग पुढे नेतात. माझ्या मादीच्या यकृतावरचे खसखशीएवढे दाणे मला त्यानंतर वेगळे दिसू लागले.

माझ्या टाकीत तेव्हा अकरा मासे उरले होते, वरून धडधाकट दिसणारे. मी टाकी मोडली नाही. नवा मासा आणायचा नाही, यातला कुणाला द्यायचा नाही, जाळी आणि बादली दुसऱ्या टाकीला लावायची नाही, हात घालायचा तर हातमोजे घालून, एवढं ठरवलं. महापालिकेचे कर्मचारी डासांसाठी गप्पी सोडतात, हे शाळेत ऐकून आलेली शेजारची मुलगी बरणी घेऊन पिल्लं मागायला आली, तेव्हा तिला नाही म्हणावं लागलं. कारण सांगितलं तर ती म्हणाली, "मग मला बघू तरी दे." आता ती दर रविवारी येते, वरून डोकावते आणि कुणाचं धड बारीक झालंय ते वहीत लिहून ठेवते. गेल्या रविवारी तिच्या वहीत सात मासे होते.