भिंत तुमची, माप रस्त्याचं

घराला कुंपण घालायचं म्हटलं की आपण अंगणात उभं राहून विचार करतो. गुरं शिरू नयेत, कुत्री येऊ नयेत, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर थेट ओटीवर पडू नये. नियम लिहिणारा मात्र फाटकाबाहेर उभा आहे. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते, समोरची कंपाउंड वॉल दीड मीटरपेक्षा उंच नको. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनेही हेच माप धरलं आहे. आणि हा दीड मीटर मोजायचा समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून. अंगणापासून नाही, घराच्या जोत्यापासूनही नाही.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी आमच्या गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. भिंत माझी, विटांचे पैसे माझे, पण ती किती उंच हे ठरतं त्या जागेवरून, जिथून कुणीही चालत जाऊ शकतं. साध्या मोजमापात केवढा मोठा विचार दडलेला असतो!

दीडच मीटर का, याचं कारण नियमात लिहिलेलं नाही. टेप धरून भिंतीशी उभं राहिलं की ते उमजतं. मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे जमिनीपासून जवळपास तेवढ्याच उंचीवर असतात. म्हणजे भिंत आडोसा देते, पण घर आणि रस्ता एकमेकांना पारखे होत नाहीत. रात्री आत काही आरडाओरडा झाला तर बाहेरच्याला टाचा उंचावून बघता येतं. याहून उंच हवी असेल तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं, पण वरचा ०.९ मीटर भाग जाळीचा किंवा गजांचा, आरपार दिसेल असा हवा, आणि त्याची रचना मंजूर करून घ्यावी लागते. या उंचीच्या बंधनातून पूर्ण सुटका आहे ती तुरुंगाच्या भिंतीला.

पण खरा चकित करणारा नियम कोपऱ्यावरच्या प्लॉटचा आहे. दोन रस्ते जिथे मिळतात तिथे दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे जेमतेम मांडीपर्यंत. त्यावर हवा तर आणखी ०.७५ मीटर कठडा, तोही आरपार दिसणारा. आपल्याकडे रस्त्यांची आखणी करताना चालकाचे डोळे रस्त्यापासून १.२ मीटर उंच धरतात आणि संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत अडीच सेकंद जातात असं मानतात. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी या अडीच सेकंदांत जवळजवळ २१ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेकवर अजून पाय पडायचाच असतो. आता चार वर्षांचं मूल डोळ्यांपुढे आणा. त्याची उंची साधारण एक मीटर. चेंडूमागे धावत ते कोपऱ्याशी आलं, तर पाऊण मीटरच्या भिंतीवरून त्याचं डोकं दिसतं. पुरुषभर भिंतीआडून ते थेट चाकासमोरच येतं. आपल्या भिंतीचा तो कोपरा कोणाच्या तरी अडीच सेकंदांसाठी सोडलेला आहे. कोपऱ्यावरच्या घरांनी हा नियम तरी कधी मोडू नये.

फाटकालाही रस्त्याचं भान ठेवावं लागतं. रस्त्याच्या अंगाला उघडणारी दारं-फाटकं बदलून घ्यायला लावण्याची तरतूद मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातच आहे.

हे झालं उंचीचं. भिंत कुठल्या रेषेवर घालायची, हा प्रश्न त्याहून जुना. कोकणात शिलाहारांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे जमिनीच्या दानाचे कोरीव दगड, सापडतात. वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा लेख आणि खाली गाढवाचं ओंगळ शिल्प. दान दिलेल्या जमिनीला जो हात लावील त्याला दगडात कोरलेली ती शिवी. आज शिवीची जागा कलमाने घेतली आहे. सरकारी अधिकाराने रोवलेली हद्दीची खूण हलवणं हा १८६० च्या दंड संहितेत एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा होता, आणि नव्या न्याय संहितेतही तो आहे.

हद्दीच्या आतली जमीन आपण गुंठ्यांत मोजतो, पण हा गुंठा कुठून आला हे ठाऊक आहे? जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट: तोच गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे नेमका एक एकर. ही ३३ फुटी साखळी इंग्लंडच्या गंटर साखळीच्या बरोबर निम्मी, आणि गंटरची साखळी म्हणजे २२ यार्ड, क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी! गुंठ्याची एक बाजू अर्ध्या खेळपट्टीएवढी असते, हे कळल्यापासून सातबारा वाचताना मला मैदान दिसतं.

आणि पाऊस? कोकणातला गडगा बघा. जांभ्याचे दगड चुन्या-सिमेंटशिवाय एकावर एक रचलेले. आषाढातलं पाणी त्याच्या फटींतून निघून जातं. सलग काँक्रीटची भिंत तेच पाणी अडवते आणि वरच्या शेजाऱ्याच्या परसात तळं साचतं. उतारावर पडलेलं पाणी नैसर्गिक वाटेने खालच्या जमिनीत जाऊ देणं, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने मानलेलं आहे. तेव्हा भिंतीच्या तळाशी पाण्याला वाट ठेवणं हा निव्वळ शेजारधर्म नाही.

कुंपण घालायचं मनात असेल तर गवंड्याला बोलावण्याआधी दोन कामं करा. शहरात पालिकेच्या बांधकाम विभागात आणि गावात ग्रामपंचायतीत परवानगीचं विचारून घ्या. नवं घर बांधत असाल तर कुंपण घराच्या नकाशातच दाखवा. दुसरं काम भूमी अभिलेख कार्यालयात: ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज. लगतधारकांना तारखेची नोटीस जाते, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो आणि नंतर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात येते. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते.

नोटीस गेली तरी त्या दिवशी शेजाऱ्याला स्वतः बोलवा. खुणा दोघांच्या देखत होऊ द्या, आणि पायाचा चर त्यानंतरच खणा.