वॉर्डाच्या बैठकीला आपण जायचे की नाही?

मैत्रिणींनो, ‘राजकारण’ हा शब्द निघाला की आपल्यापैकी बहुतेकींच्या कपाळावर आठी उमटते. “ते पुरुषांचे उद्योग, आपल्याला काय करायचे आहे त्यात?” असे म्हणून आपण कणीक मळायला वळतो. पण ऐन मे महिन्यात पाण्याचा टँकर आला नाही तर पहिली धावपळ कुणाची होते? रस्त्यावरचे दिवे बंद असले तर क्लासहून येणाऱ्या मुलीसाठी दारात कोण उभे राहते? आणि कचरागाडी चार दिवस फिरकली नाही तर तो ओला कचरा कुणाच्या नाकाशी असतो? या सगळ्याचा निकाल कुठल्या तरी बैठकीत लागतो. त्या बैठकीत आपण नसतो, एवढेच.

मी राहते ते बेसा नागपूरच्या दक्षिणेला. मनीषनगरकडून या नाहीतर मानेवाड्याकडून या, नागपूर संपले कुठे आणि बेसा सुरू झाले कुठे हे नवख्या माणसाला कळायचे नाही. जिथे शेते होती तिथे लेआउट पडले, लेआउटमध्ये फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. घरातले कर्ते माणूस नोकरीला सीताबर्डीला नाहीतर एमआयडीसीत, मुलांची कॉलेजे शहरात, लग्नाची खरेदी महालात नि इतवारीत. राहणी सगळी शहराची. पण कारभार? शेजारचे हुडकेश्वर-नरसाळा नागपूर महापालिकेत गेले, बेसा मात्र बाहेरच राहिले. इथे आधी ग्रामपंचायत होती, आता बेसा-पिपळा नगरपंचायत आहे. आमदारकीचे मत आम्ही देतो कामठीसाठी आणि खासदारकीचे रामटेकसाठी! राजकीय पक्षांचेही तसेच. मोठ्या पक्षांच्या शहराच्या आणि ग्रामीण भागाच्या समित्या वेगवेगळ्या असतात. तेव्हा आमच्याकडचा कार्यकर्ता राहतो शहरासारखा आणि मोडतो ग्रामीणमध्ये. प्रश्न घेऊन नेमके कुणाच्या दारात जायचे, हेच पुष्कळ बायकांना ठाऊक नसते.

आता एक गोष्ट सांगते, ती जरा लक्षपूर्वक वाचा. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली म्हणजे आपण बढती मिळाल्यासारखे खूश होतो. रस्ते होतील, दिवे येतील, जागेचे भाव वाढतील. त्यात खोटे काही नाही. पण त्याबरोबर एक वस्तू घरातून हळूच निघून जाते. ती म्हणजे ग्रामसभा. गावात प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. महाराष्ट्रात तिच्या कोरमला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यातली कमी असेल ती संख्या पुरते. तिच्याआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी लागते. तुम्ही उभे राहून सरपंचाला “अमक्या कामाचा हिशेब द्या” असे विचारू शकता. नगरपंचायतीत ग्रामसभा नसते. तिथे १७ प्रभागांतून १७ नगरसेवक निवडून येतात, बोलायचे ते त्यांनी.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपंचायतीला घटनेत जागा दिली. गावपण सोडून शहराकडे निघालेल्या भागासाठी ही व्यवस्था. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने बायकांसाठी एकतृतीयांश जागा राखल्या आणि पुढे २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. म्हणजे १७ पैकी ९ खुर्च्या बायकांच्या! मात्र त्याच दुरुस्तीतली वॉर्ड समितीची सक्ती तीन लाख किंवा अधिक लोकवस्तीच्या शहरांनाच आहे. लहान गावांच्या वाट्याला ती येत नाही. म्हणजे आपल्यासारख्या वाढत्या वस्तीत निवडून जाणाऱ्या बाया वाढल्या. पण निवडून न गेलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी बसून बोलायची हक्काची जागा कमी झाली.

मग ही पोकळी भरून कोण काढते? पक्षांचे स्थानिक कार्यकर्ते. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या पार्किंगमध्ये, कुणा देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकून पंधरा-वीस जण बसतात आणि गल्लीचे प्रश्न निघतात. शेजारच्या नागपूर शहरात तर मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. निवडणुका लांबत गेल्या. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका घ्या असा आदेश दिला. त्या काळात नगरसेवकच नव्हता, तेव्हा तक्रार घेऊन माणसे पक्षाच्या कार्यकर्त्याकडेच जात. चांगले की वाईट हा प्रश्न वेगळा, पण असे झाले खरे.

अशा दोन-तीन बैठकींना मी जाऊन बसले आहे. पक्ष कुठला ते विचारू नका, कारण जे दिसले ते सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच असावे. पहिला अर्धा तास पाहुणे यायची वाट पाहण्यात गेला. मग कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर किती फुटी लावायचा यावर वीस मिनिटे. बायका मागे भिंतीला टेकून. त्यांतल्या दोघी चहाच्या कामाला. शेवटी सूत्रे सांभाळणारे भाऊ म्हणाले, “बायांना काही बोलाचं असन तं बोला.” सगळ्या गप्प. मग एक साठीच्या आजी उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात दुधाच्या हिशेबाची वही होती. त्यांच्या लेआउटमध्ये कुणा बिल्डरने नाली खोदून तशीच उघडी सोडली होती. आजींनी वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवले होते : कुठल्या तारखेला खोदले, कुठल्या तारखेला शाळकरी मुलगा सायकलसकट पडला, कितीदा फोन केला, काय उत्तर मिळाले. “पाऊस आला का ही नाली दिसनार नाही बाप्पा, मग कोनाचं लेकरू जाईल?” एवढेच त्या म्हणाल्या.

बॅनर बाजूला राहिला. कारण तक्रार तर सगळेच करीत होते, पण तारखा एकट्या आजींकडे होत्या. त्या बैठकीतच अर्ज लिहिला गेला, तेवीस सह्या झाल्या, दुसऱ्या दिवशी चौघे जण अर्ज घेऊन गेले आणि पोच घेऊन आले. नाली एका दिवसात बुजली असे नाही. आधी नुसते लाकडी ओंडके आडवे पडले, मग लाल फडके बांधले गेले, आणि महिन्याभराने पाऊस लागण्याआधी वरून फरशा बसल्या. पण ज्या आजींना घरात “तुम्हाला काय कळते त्यातले” असे ऐकावे लागत होते, त्यांच्याकडे आता लोक अर्ज लिहून घ्यायला येतात.

बायकांनी सतरंजीवर जागा मागणे हे काही आजचे खूळ नाही, बरं का. आपल्या नागपुरातच २० जुलै १९४२ रोजी दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या आणि स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला आले होते. त्याच दिवसांत, त्याच गावात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची उभारणी झाली. म्हणजे पक्ष जन्माला येत होता आणि बायका पाळणा हलवीत बसल्या नव्हत्या, स्वतःचे ठराव करीत होत्या. घटस्फोटाचा हक्क मागितला, एकाहून अधिक बायका करण्याची रीत बंद करा म्हटले, गिरण्यांत राबणाऱ्या बायकांना रजा मागितली, कायदेमंडळात जागा मागितल्या. नागपुरात एम्प्रेस मिल होती, तेव्हा गिरणीतल्या बाईचे हाल हा तिथे ऐकीव विषय नव्हता. याच नागपूरच्या अनसूयाबाई काळे १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपाध्यक्षा झाल्या आणि १९५२ मध्ये नागपूरच्या खासदार.

मुंबईच्या मृणाल गोरे यांचे नाव तर तुम्हाला ठाऊकच असेल. त्यांचे काम सुरू झाले तेव्हा गोरेगाव मुंबई महापालिकेत नव्हते. आज जसे बेसा आहे तसेच ते शहराच्या कडेचे गाव होते. १९५७ मध्ये मुंबईची हद्द वाढली आणि १९६१ मध्ये मृणालताई महापालिकेत निवडून गेल्या. पाण्यासाठी त्या इतक्या भांडल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७२ मध्ये दुष्काळ आणि महागाई एकदमच अंगावर आली, तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली. त्यात मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी. झेंडे निराळे, पण तेल, साखर, रॉकेल सगळ्यांच्याच घरात संपले होते. मग हातात लाटणे घेऊन बायका रस्त्यावर आल्या. या लाटणे मोर्च्यांतून शिकण्यासारखी गोष्ट ही, की पक्ष सोडायला कुणी कुणाला सांगितले नाही; फक्त प्रश्नापुरत्या सगळ्या एका रांगेत उभ्या राहिल्या.

आता प्रत्यक्ष बैठकीला जायचे तर काय करावे, ते आपल्या घरगुती पद्धतीने सांगते.

एक. एकटीने जाऊ नका. शेजारच्या दोघी-तिघींना बरोबर घ्या. भिशीच्या, भजनी मंडळाच्या, हळदीकुंकवाच्या ओळखी याच कामाच्या असतात.

दोन. एका बैठकीत एकच प्रश्न मांडा. पाणी, कचरा, दिवे, मोकाट कुत्री असे सगळे एकदम काढले तर खिचडी होते आणि कुणाच्याच पानात काही पडत नाही.

तीन. वही ठेवा. तारीख, वेळ, काय घडले, कुणाला कळवले, काय उत्तर आले. टँकर कुठल्या दिवशी आला नाही हे आपण कूलरमधल्या पाण्यावरूनही सांगू शकतो, पण ते कागदावर उतरले तरच पुरावा.

चार. काम कुणाच्या अखत्यारीतले आहे ते आधी शोधा. शहराच्या कडेला एक रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, दुसरा नगरपंचायतीचा, तिसरा अजून बिल्डरच्याच ताब्यात, तर चौथ्याचा संबंध महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी, असे असू शकते. चुकीच्या दारात दिलेला अर्ज म्हणजे दुसऱ्याच्या उंबऱ्यावर घातलेली रांगोळी.

पाच. तोंडी आश्वासनावर उठू नका. अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर तारखेसह शिक्का घ्या. उत्तर आले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये फी, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे.

आणखी एक. २००९ मध्ये महाराष्ट्राने शहरांच्या कायद्यात ‘क्षेत्रसभे’ची तरतूद केली आहे. मतदारांना एकत्र बोलावून नगरसेवकाने त्यांचे ऐकायचे, अशी ती कल्पना, जवळजवळ ग्रामसभेसारखी. कागदावरची ही सभा प्रत्यक्षात फारशी भरत नाही, कारण मागणारे कुणी नसते. तुमच्या नगरसेवकाला किंवा नगरसेविकेला विचारा, “आमची क्षेत्रसभा कधी?” आणि ती नगरसेविका असेल तर प्रश्न तिलाच विचारा, तिच्या यजमानांना नव्हे. यजमान पुढे होऊन उत्तर देऊ लागले तर हसून म्हणा, “भाऊ, तुमचे ऐकूच, पण मत आम्ही ताईंना दिले आहे.”

काही मैत्रिणी विचारतील, बैठकीला गेले की त्या पक्षाचा शिक्का बसणार ना? बसेलही थोडा. आपल्या गावात कोण कुणाच्या ओट्यावर बसले याची खबर दुसऱ्या टोकाला आधी पोचते. पण बैठकीला जाणे म्हणजे सभासद होणे नव्हे. आज यांच्या सतरंजीवर पाण्याचा प्रश्न मांडा, उद्या तोच अर्ज त्यांच्या सतरंजीवर वाचा. कोण काम करते आणि कोण फक्त फोटो काढते, याची नोंद वहीत आपोआप होत जाईल. आणि एखाद्या पक्षाचे म्हणणे मनापासून पटले, तर सभासद व्हायलाही लाजू नका. मात्र मग चहाच्या कामावर थांबू नका. बैठकीचा अजेंडा लिहायचे काम मागून घ्या. विषयांत काय वर आणि काय खाली हे ज्याच्या हातात, बैठक त्याचीच असते.

घरून विरोध झाला तर? भांडणापेक्षा सोय पाहा. रात्री नऊची बैठक असेल तर “संध्याकाळी पाचला ठेवा, नाहीतर बायका येणार नाहीत” असे सरळ सांगा. मते हवी असतात, त्यामुळे वेळ बदलते. सासूबाई नाराज असतील तर त्यांनाच बरोबर न्या. वॉर्डात गेल्या तीस वर्षांत कुठला ओढा कुणी बुजवला हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असते?

घर आपण कसे चालवतो? पीठ संपायच्या आधी दळण टाकतो, उन्हाळ्याआधी माठ आणतो, पावसाआधी पत्र्यावर डांबर लावतो. गावाचेही तेच आहे. नालीचा प्रश्न पावसाळ्यात काढून उपयोग नाही, तो फाल्गुनातच काढावा लागतो. तेव्हा पुढची बैठक कुठे आहे ते आजच चौकशी करून ठेवा आणि वहीचे पहिले पान उघडा.