खिळे, गोळी आणि जॅकपॉट : पिनबॉलचा हिशोब



परतवाड्याहून बैतूल रस्त्याने निघालं की बहिरम लागतं. डिसेंबर-जानेवारीत तिथे मोठी यात्रा भरते. रोडगे-भाजी खाऊन झाली की पोरांचे पाय नशिबाच्या खेळांकडे वळतात, आणि खाऊचे पैसे कधी संपले ते कळतही नाही. असे खेळ ओळखायचे कसे, हे आज एका जुन्या यंत्रावरून पाहू.

आजोबांना 'बॅगाटेल' विचारा. उतरत्या फळीवर खिळे ठोकलेले, स्प्रिंगची दांडी ओढून सोडली की गोळी वर जाते आणि खिळ्यांवर आपटत एखाद्या खान्यात पडते. ही स्प्रिंगची दांडी १८७१ साली अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी पेटंट केली. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलीब यांचे 'बॅफल बॉल' हे नाणे टाकून खेळायचे यंत्र आले. मंदीचा काळ, खेळ अगदी स्वस्त, त्यामुळे ते हजारोंनी खपले. १९३३ च्या 'रॉकेट' यंत्राने पुढचे पाऊल टाकले. ठरावीक भोकात गोळी पडली की यंत्रच नाणी बाहेर टाकू लागले! बक्षिसाची सर्वात मोठी रक्कम म्हणजे जॅकपॉट. हा शब्द मुळात पोकर या पत्त्यांच्या खेळातला.

आता वही-पेन घ्या. समजा, फळीवर खिळ्यांच्या चार रांगा आहेत. प्रत्येक खिळ्यावर गोळी डावीकडे किंवा उजवीकडे जाते. म्हणजे एकूण मार्ग २ × २ × २ × २ = १६. खाली पाच खाने. त्यांत जाणारे मार्ग अनुक्रमे १, ४, ६, ४, १.

जॅकपॉट ठेवला उजव्या टोकाच्या खान्यात. तिथे जाणारा मार्ग फक्त एक! एका खेळाला १ रुपया आणि बक्षीस १० रुपये असेल, तर सरासरी १६ खेळांत तुमचे १६ रुपये जातात, १० परत येतात. ६ रुपये मालकाचे. त्याने काहीही लबाडी न करता!

आणखी एक गंमत बघा. जॅकपॉटच्या शेजारच्या खान्यात चार मार्ग जातात. म्हणजे जिंकण्याच्या चौपट वेळा "अरे, थोडक्यात हुकलं!" असं वाटतं. हेच वाटणं दुसरं नाणं टाकायला लावतं.

म्हणूनच न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली. १९४७ पासून यंत्रांना फ्लिपर, म्हणजे गोळी परत उडवणारे हात, बसू लागले आणि खेळात कौशल्य आले. १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी अधिकाऱ्यांसमोर खेळून ते दाखवून दिले, तेव्हा बंदी उठली. आपल्याकडच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंध कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे.

आता तुमची पाळी. फळी, खिळे आणि कंचे घेऊन घरीच बॅगाटेल करा. शंभर वेळा गोळी सोडा आणि कोणत्या खान्यात किती वेळा पडली ते लिहा. खिळे हाताने ठोकलेले, म्हणून आकडे तंतोतंत जुळणार नाहीत; पण मधला खाना भरतो की टोकाचा, ते बघाच.

पुढच्या यात्रेत किंवा मोबाईलवर कुणी जॅकपॉट दाखवला, तर आधी एकच प्रश्न विचारा : एकूण मार्ग किती, अन् माझा कितवा?