गेममधला गुन्हा आणि मलकापूरचे ठाणे

बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर असो की मोताळा, ‘आयडी गेली’ हे दोन शब्द आता शाळकरी पोरांच्या तोंडी सहज येतात. आयडी म्हणजे बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स या मोबाइल गेममधले खाते. त्यात दोन-तीन वर्षे खेळून चढवलेली लेव्हल असते, बंदुकांच्या स्किन असतात, वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेले यूसी नाहीतर डायमंड, म्हणजे गेममधले चलन, असते. कुणीतरी स्वस्तात टॉप-अप करून देतो म्हणून ओटीपी मागतो आणि खाते घेऊन पसार होतो. पोरगा जेवत नाही, आणि घरातून उत्तर मिळते : गेमच होता ना, जाऊ दे. या ‘जाऊ दे’च्या पोटात बरेच गैरसमज आहेत, आणि ते सगळे गुन्हेगाराच्या पथ्यावर पडतात.

“वस्तूच खरी नाही, तर चोरी कसली?”

नेदरलँड्समध्ये हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००७ साली लेउवार्डन शहरात दोन मुलांनी १३ वर्षांच्या एका मुलाला मारहाण केली, चाकूचा धाक दाखवला आणि रूनस्केप या गेममध्ये लॉग-इन करायला लावून त्याचा एक ताईत आणि एक मुखवटा आपल्या खात्यात वळवून घेतला. या वस्तू म्हणजे संगणकातली नुसती माहिती, ती मालमत्ता नव्हे, असा बचाव मांडला गेला. ३१ जानेवारी २०१२ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. त्या वस्तू मिळवायला मुलाने वेळ आणि कष्ट घातले होते, त्या त्याच्या एकट्याच्या ताब्यात होत्या आणि त्याच्याकडून गेल्या. चोरी ठरायला एवढे पुरे होते.

आपल्याकडे याच बाबतीत एक मोठा बदल गाजावाजा न होता झाला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २२ मध्ये जंगम मालमत्तेची व्याख्या मूर्त, म्हणजे हाताला लागणाऱ्या मालमत्तेपुरती होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २(२१) मध्ये ती अट उरली नाही. जमीन आणि जमिनीला जखडलेल्या वस्तू वगळता सर्व प्रकारची मालमत्ता तिथे येते. गेममधल्या वस्तूची चोरी म्हणजे चोरीच, असे न्यायालयात मांडायला त्यामुळे वाट मिळाली आहे. आणि ती वाट लांबची वाटली, तरी माहिती तंत्रज्ञान कायदा हाताशी आहेच. परवानगीवाचून दुसऱ्याच्या खात्यात अप्रामाणिक हेतूने शिरणे कलम ६६ खाली, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे ६६ सी खाली आणि भलताच माणूस असल्याचे भासवून ऑनलाइन फसवणे ६६ डी खाली गुन्हा आहे. तिन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आयडीची खरेदी-विक्री कंपन्यांच्या नियमांत सहसा बसत नाही, हे खरे. पण म्हणून पैसे घेऊन आयडी न देणारा सुटत नाही.

उलट टोकाचा गैरसमजही आहे. गेममध्ये कुणाच्या पात्राला गोळी घातली तर तो खून होत नाही. २००८ मध्ये जपानमधल्या एका महिलेने मेपलस्टोरी या गेममधल्या ‘नवऱ्या’ने अचानक घटस्फोट दिला म्हणून त्याचे पात्रच पुसून टाकले. तिला अटक झाली, ती मात्र त्याच्या पासवर्डने खात्यात बेकायदा शिरल्याच्या संशयावरून. कायदा पात्राकडे पाहत नाही, त्यामागच्या माणसाचे काय नुकसान झाले ते पाहतो. पोलिसांनी ही मर्यादा ओलांडली की काय होते, ते महाराष्ट्राने २०१२ मध्ये पालघरला पाहिले. फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. तिथून सुरू झालेल्या लढाईत २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन मजकुरावरून अशा अटकेला वाव देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ए रद्दच केले.

“अंगाला हात लावला नाही, मग अत्याचार कसा?”

सगळ्यांत घातक गैरसमज हाच. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयातल्या सायबर जागृती महिन्याच्या कार्यक्रमात अभिनेता अक्षयकुमार यांनी आपल्याच घरातली गोष्ट सांगितली. त्यांची मुलगी अनोळखी लोकांबरोबर खेळता येणारा गेम खेळत होती. समोरचा आधी तिच्या खेळाचे कौतुक करत राहिला, मग मुलगा आहेस की मुलगी असे विचारले, आणि उत्तर मिळताच नग्न छायाचित्रे मागितली. तिने गेम बंद केला आणि आईला सांगितले. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक सायबर तास असावा, अशी मागणी त्यांनी मुख्यमंत्र्यांसमोर केली. मागणी रास्त आहे. तालुक्याच्या गावातल्या शाळेला तर तिची जास्त गरज आहे.

या प्रकाराला कायद्यात नाव आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ११ नुसार लैंगिक हेतूने मुलाशी डिजिटल माध्यमातून वारंवार संपर्क साधणे हा लैंगिक छळ आहे. खऱ्या किंवा बनवलेल्या चित्राची धमकी देणेही त्यातच मोडते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. लैंगिक कृत्यासाठी मुलाला ऑनलाइन नादी लावणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ बी खाली गुन्हा आहे आणि त्याला पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. यातल्या कशालाही स्पर्शाची अट नाही. ब्रिटनमध्ये तर १६ वर्षांखालील एका मुलीच्या आभासी रूपावर व्हीआर हेडसेटच्या आभासी जगात अनेकांनी मिळून अत्याचार केल्याचा तपास पोलीस करत असल्याचे जानेवारी २०२४ मध्ये समोर आले. तिच्या शरीराला इजा नव्हती, मनाला होती.

“कंपनी परदेशात, नाव खोटे, आपले पोलीस काय करणार?”

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७५ सांगते की गुन्ह्यात भारतातला संगणक गुंतला असेल, तर परदेशात बसलेल्यालाही हा कायदा लागू होतो. तक्रार घेताना हद्दीचे कारणही चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायची. म्हणजे मलकापूरच्या शहर किंवा ग्रामीण ठाण्यातून ‘हे बुलढाण्याचे सायबरवाले बघतील’ म्हणून तक्रार न घेता परत पाठवणे कायद्याला धरून नाही.

टोपणनावामागचा माणूसही सापडतो. २०२३ मध्ये फोर्टनाइटमधल्या ओळखीवरून गाझियाबादला एक तक्रार झाली. तिचा माग काढत ठाणे जिल्ह्यातल्या एका तरुणाला अलिबागेत पकडून उत्तर प्रदेश पोलिसांच्या हवाली करण्यात आले. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पण आयपी पत्ता, मोबाइल नंबर आणि यूपीआयचा व्यवहार यांचा धागा राज्ये ओलांडतो. मात्र तो धागा कायम टिकत नाही. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सहा महिन्यांनी ठाण्यात जाणाऱ्याच्या हाती फारसे काही राहत नाही. आणि कंपनीने समोरच्याची आयडी बॅन केली म्हणजे न्याय झाला, असेही नाही. तो दुसऱ्या दिवशी नवी आयडी काढतो.

“आपणच पैसे लावले, तक्रार केली तर आपणच अडकू.”

नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन गेमिंगमध्ये ५८ कोटी गमावल्याची तक्रार २०२३ मध्ये केली, तेव्हा पोलिसांनी गोंदियात छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त केले. लाजेने तो गप्प बसला असता तर हे घडले नसते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांचे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणारा आणि पैशांची देवघेव पुरवणाराही त्यात येतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही.

म्हणून घरातल्या मुलाने असे काही सांगितले, तर आधी त्याच्या हातातला फोन हिसकावू नका आणि गेमही पुसू नका. पुरावा तिथेच असतो. चॅटचे स्क्रीनशॉट घ्या. दिसणारे नाव बदलता येते, म्हणून समोरच्याचा आकडी प्लेअर आयडी, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. पैसे गेले असतील तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक घेऊन लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आणि त्याच दिवशी जवळच्या ठाण्यात जाऊन तक्रारीची पोच घ्या.