मंत्रचळ म्हणजे स्वच्छतेची आवड नव्हे. डॉक्टरांना कधी दाखवायचं?

कुलूप लागलं की नाही हे परत येऊन एकदा बघणं कुणाकडूनही होतं. पण बसस्टॉपवरून चारदा माघारी यायचं, कुलूप ओढून बघायचं आणि तरी बसमध्ये जीव वर-खाली होत राहायचा, तर गोष्ट वेगळी आहे. मराठीत याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात.

नको असलेला विचार डोक्यात पुन्हा पुन्हा घुसतो. मग घालमेल शमवायला हात धुणं, मोजणं, 'सगळं ठीक आहे ना?' असं घरच्यांना विचारत राहणं सुरू होतं. त्यानं घटकाभर बरं वाटतं, आणि फसगत तिथंच होते. धुतलं म्हणूनच वाचलो, असं मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी ओढ वाढते.

आपल्याकडे सोवळ्या-ओवळ्याच्या आड हे वर्षानुवर्षं झाकून राहतं. 'आजी कडक आहे' म्हणत घर जुळवून घेतं. सोवळं पाळणाऱ्याची पूजा आटोपते, मन शांत होतं. मंत्रचळात तीच पूजा चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात जास्त लपवले जातात ते लाजेचे विचार. देवासमोर घाणेरडे शब्द आठवणं, तान्ह्या बाळाला आपल्याच हातून इजा होईल अशी बाळंतिणीला भीती वाटणं. या विचारांनी ती स्वतःच हादरते, कारण ती तिची इच्छा नसते. पण कानात आवाज येत असतील, ते विचार तिला योग्यच वाटू लागले असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जीव द्यावासा वाटत असेल तरीही तसंच.

एरवी दिवसाचा तासाहून जास्त वेळ यात जात असेल, हात सोलवटले असतील, शाळा-नोकरी अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. रागावून किंवा शपथा घालून हे सुटत नाही. भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि कृती टाळायची, अशी थेरपी असते. गोळ्यांची सवय लागते ही धास्ती बऱ्याच घरांत असते, पण यासाठीच्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारख्या नसतात. गुण यायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. मध्येच बंद करू नयेत.

सीमाभागातल्यांना धारवाडची डिमहान्स, गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था जवळची. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.