जुन्या नाण्यांची पारख : खरे कोणते, बनावट कोणते?

जुन्या नाण्यांच्या बाजारात खऱ्या नाण्यांबरोबर बनावट नाणीही खपविली जातात. संग्राहकाची फसवणूक पैशांपुरतीच थांबत नाही. खोट्या नाण्याबरोबर खोटा इतिहासही घरात येतो.

बंगळुरूचेच उदाहरण घेता येईल. हत्तीचे चित्र असलेले टिपू सुलतानचे तांब्याचे पैसे श्रीरंगपट्टणप्रमाणे बंगळुरूच्या टांकसाळीतही पाडले जात. १७८७ च्या सुमारास टिपूने मौलुदी कालगणना सुरू केली आणि सालाचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिण्याची पद्धत घातली. त्यामुळे १२१८ हे साल डावीकडून वाचल्यास ८१२१ असे दिसते. ही खूण ठाऊक नसलेला संग्राहक अस्सल नाणेही खोटे ठरवितो. म्हणून पारखीची पहिली पायरी म्हणजे खऱ्या नाण्याचा अभ्यास.

घडणीची तपासणी

त्या काळी धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने घाव घालीत. साहजिकच कोणतीही दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. नेमके तेच ओरखडे दोन नाण्यांवर दिसल्यास ती एकाच साच्यातून ओतलेली असण्याचा संभव असतो. ओतीव नाण्यावर भिंगातून बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेवर सांध्याची रेषा दिसू शकते.

वजन आणि साल

१८३५ च्या चांदीच्या रुपयाचे प्रमाणित वजन ११.६६ ग्रॅम होते. झिजेमुळे वजन घटते, वाढत नाही. चांदी, सोने व तांबे लोहचुंबकाला चिकटत नाहीत; मात्र पितळही चिकटत नाही, हे ध्यानात ठेवावे.

राम, सीता व हनुमानाची चित्रे, 'ईस्ट इंडिया कंपनी' ही इंग्रजी अक्षरे आणि १६१६, १७१७ किंवा १८१८ हे साल असलेल्या चकत्या सर्रास विकल्या जातात. कंपनीने असे चलन कधीही काढले नव्हते. १६१६ मध्ये तर कंपनीची भारतात टांकसाळही नव्हती.

कायदा आणि सावधगिरी

जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपले नाव वापरून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. बँक असे शुल्क घेत नाही. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरतात. ती परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाहीत.

पावतीशिवाय खरेदी करू नये. दुर्मीळ नाणे अगदी स्वस्तात मिळत असेल, तर आधी जाणकाराला दाखवावे.