झोंप आणि आंतड्यांचा दाह

आजाऱ्याची चौकशी करतांना आपण ‘जेवण गेलें का? पोट साफ झालें का?’ असें विचारतों. ‘रात्रीं झोंप लागली का?’ हा प्रश्न बहुधा निरोप घेतांना येतो. आंतड्यांच्या जुनाट दाहाच्या रोग्यापुरता तरी हा क्रम बदलावयास हवा.

या दाहाचे मुख्य प्रकार दोन : मोठ्या आंतड्यास व्रण पाडणारा ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’, आणि १९३२ सालीं न्यूयॉर्कचे डॉ. बरिल क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनीं वर्णिलेला ‘क्रोनचा रोग’. दोन्ही उसळतात, औषधानें शमतात, पुन्हां उसळतात. उसळीच्या दिवसांत रात्रीं चारचार वेळां शौचास उठणाऱ्यास झोंप नसावी यांत नवल नाहीं. परंतु आजार शमला असतांही कित्येकांस ती लागत नाहीं.

बोस्टनचे डॉ. अश्विन अनंतकृष्णन यांनीं सहकाऱ्यांसह २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत ३,१७३ रोगी होते. क्रोनचा रोग शमलेला, पण झोंप बिघडलेली, अशांत सहा महिन्यांनीं आजार उसळलेला असण्याचा संभव सुमारें दुप्पट आढळला. कोलायटिसच्या रोग्यांत तसें दिसलें नाहीं. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील सुमारें दीड लाख परिचारिकांच्या नोंदींत चित्र उलटें निघालें : सहा तासांहून कमी, तसेंच नऊ तासांहून अधिक झोंपणाऱ्या स्त्रियांस कोलायटिस अधिक झाला, क्रोनच्या रोगांत मात्र फरक नव्हता. (हिशेब चोवीस तासांतील एकूण झोंपेचा होता, वामकुक्षीच्या भक्तांनीं लगेच घाबरूं नये.)

दाहांत निघणारीं ‘सायटोकाइन’ नांवाचीं द्रव्यें मेंदूच्या निद्रायंत्रणेवर परिणाम करतात, आणि जागरणानेंही शरीरांतील दाह वाढतो. तेव्हां बिघडलेली झोंप हें उसळीचें कारण, कीं आंत धुमसणाऱ्या दाहाची वर्दी, हें अशा पाहण्यांवरून ठरत नाहीं. डॉक्टरांस ती सांगावयास मात्र दोन्ही पक्षीं हवी.

आणि नेमकी तीच सांगितली जात नाहीं. दहा माणसांच्या घरांत मध्यरात्रीं कडी काढणारा, ती वाजूं नये म्हणूनच धडपडत असतो. सकाळीं कोणीं विचारलेंच, तर ‘छान झोंप लागली’ म्हणून मोकळा होतो.

शिवाय दाह आवरण्यासाठीं दिलें जाणारें प्रेडनिसोलोन स्वतःच झोंप उडवितें; म्हणून तें बहुधा सकाळीं घ्यावयास सांगतात. घरांत गोळ्या काढून देणाऱ्यानें तें रात्रीच्या पुडींत जात नाहीं ना, हें पाहावें. मनानें तें बंद मात्र करूं नये. एकाएकीं थांबविणें धोक्याचें असतें.